बुजलेला कान

विमान परत आलं ते लखलखीत होऊन, आणि माझं डोकंच फिरलं.

एरवी ते घाण होऊन येतं म्हणून फिरतं. माझी धाकटी बहीण चार माणसांचं छोटं विमान चालवते. मालकाची माणसं, यंत्रांचे सुटे भाग, कधी औषधांची खोकी, असं काहीबाही इकडून तिकडे पोचवते. ते विमान धुणं, पुसणं, त्याच्या रंगाला पॉलिश करणं आणि वर मेणाचा हात देऊन तो रंग उन्हापावसापासून जपणं हे माझं काम. ती उडवणार आणि मी निस्तरणार. लहानपणी खेळणी पसरायची तिनं आणि आवरायची मी, तेव्हापासून आमची हीच वाटणी आहे. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, मला नुसतं ताई. निस्तरणाऱ्या माणसाला टोपणनाव कोण ठेवतं!

विमानाला मात्र नाव आहे. पांढरी. बाजूनं एक निळा पट्टा, बाकी सगळी पांढरीफटक. हा रंग ज्यानं निवडला त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभं करा. पंखांच्या पुढच्या कडेवर किडे चिकटतात, पोटावर इंजिनाच्या तेलाचे काळे ओघळ येतात, चाकांनी उडवलेला चिखल असतो तो वेगळाच. किडे वाळले की रंगात उतरतात आणि डाग कायमचा बसतो. "उतरल्या उतरल्या एक ओलं फडकं फिरवत जा गं," हे भिंगरीला सांगून सांगून माझ्या तोंडाला जेवढा फेस आला, तेवढ्यात अख्खं विमान धुऊन झालं असतं.

त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असतं, "ताई, मी पायलट आहे."

"हो का? आणि मी कोण, तुझी मोलकरीण?"

इथवर आलं की आमचा मेकॅनिक हातातला पाना खाली ठेवतो आणि चहा प्यायला निघून जातो.

त्या दिवशी पांढरी विमानं ठेवायच्या हँगरसमोर येऊन थांबली, तेव्हा कडेवर चारदोन किडे होते, पण ते परतीच्या वाटेवरचे, ताजे. त्यांच्याखालचा रंग असा चमकत होता की मला त्यात माझं उघडं तोंड दिसलं. भिंगरी खाली उतरली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तिथल्या हँगरवाल्यांनी धुऊन दिलं. तुला तेवढाच आराम."

"कोणी धुतलं?"

"असेल कोणीतरी. मला काय माहीत?"

पिशवी खांद्याला लावून ती चालती झाली. भिंगरी खोटं बोलली की भरभर चालते. शाळेत पाटी फोडून आली होती तेव्हाही अशीच तुरुतुरु गेली होती.

मी चाकांच्या फळीवर आडवी होऊन पांढरीच्या पोटाखाली शिरले. परक्याच्या विमानाचं पोट कोणी धूत नाही. वरून चकाचक करतात, काच पुसतात, मोकळे होतात. पोट कोण वाकून बघतंय? इथं पोटावर तेलाचा एक ओघळ नव्हता. त्याहून वाईट म्हणजे रिव्हेट स्वच्छ होते. विमानाच्या पत्र्यावर रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, रांगाच रांगा असतात. पॉलिश केलं की प्रत्येक रिव्हेटच्या कडेला पांढरी पूड वाळून बसते, खडूसारखी. लोक ती तशीच सोडून देतात, आणि शहाणपणच आहे ते. काडेपेटीच्या काडीला मऊ फडक्याचं टोक गुंडाळून, एकेका रिव्हेटभोवती गोल फिरवून ती पूड काढत बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दुसरी मी. आणि मला हे वेड त्यानंच लावलं.

तो माणूस म्हणजे आमचा बाप.

ह्याच हँगरमध्ये तो विमानं धुवायचा. मी कॉलेज सुटलं की मदतीला यायचे, भिंगरी अजून शाळेत होती. एका दुपारी त्यानं फडकी धुतली, नीट घड्या घालून तारेवर टाकली, आणि गेला. आईला कळलं ते गेटवरच्या माणसाकडून. "साहेब बॅग घेऊन गेले. सुट्टीवर का?" असं त्यानं विचारलं, आणि आईनं हसून "हो" म्हटलं. त्यानंतर कोणी म्हणे दुसरी बाई, कोणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला. दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या घालायला कोणीतरी मिळालं असतं. पण बाई नव्हती, भांडण नव्हतं, काहीच नव्हतं. पुढे कळलं की चार तासांवरच्या दुसऱ्या धावपट्टीवर तो हेच काम करतोय. म्हणजे विमानं चालत होती, फडकी चालत होती, साबणाचा वास चालत होता. चालत नव्हतो ते आम्ही. का, ते त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं मला विचारलं, "आता धुणार कोण?" तेव्हापासून मी धुतेय.

आणि ही भिंगरी त्याच्याकडे जात होती! मला न सांगता. माझ्या पांढरीला त्याच्या हातात देऊन, वर मला म्हणते, तेवढाच आराम.

तळपायाची आग मस्तकात गेली की मी काम करते. दुसरं काही येत नाही. बादली भरली, ताजे किडे भिजवून काढले, आणि मग सवयीनं विमानाच्या डाव्या कुशीवर बोट ठेवलं.

तिथे एक बारीक भोक असतं. बाहेरच्या हवेचा दाब तिथून आत जातो आणि त्यावर उंचीचा काटा चालतो. आम्ही घरात त्याला कान म्हणायचो. धुण्याआधी कानावर लाल टेप लावायची, पाणी आत जाऊ नये म्हणून. काम झालं की ती आठवणीनं काढायची. इथवर कोणीही करतो. पण टेप निघाल्यावर तिच्या गोंदाचा एक मळका चौकोन मागे राहतो, आणि तो आमच्या बापाच्या डोळ्यांत खुपायचा. म्हणून तो त्यावर पॉलिशचा हलका हात द्यायचा. मग डोळे मिटून करंगळीशेजारच्या बोटानं कान चाचपायचा, कारण ते बोट सगळ्यात मऊ. चकचकीत पत्र्यावर डोळ्यांचा भरवसा धरायचा नाही, बोटाला भोकाची कड लागली पाहिजे, असं त्यानं मला शिकवलं होतं.

मी डोळे मिटले. बोट फिरवलं. कड लागली नाही.

पुन्हा फिरवलं. ताटलीवरून फिरावं तसं ते सरकत गेलं. विजेरी आणून पाहिलं तर भोक पॉलिशनं गच्च भरलेलं, वाळलेलं, आणि वरून इतकं सुबक घासलेलं की पत्र्याचाच भाग वाटावं.

भिंगरी पायलट लोकांच्या खोलीत बसली होती, बूट काढून, पाय खुर्चीवर टाकून. मी दार ढकललं तशी पाय खाली घेतले.

"उंचीचा काटा चालत होता?"

तिनं एक बूट उचलून हातात घेतला.

"मी काय विचारतेय? काटा हलत होता की नव्हता?"

"नव्हता," ती म्हणाली. "वर गेल्यावर लक्षात आलं. मग आतल्या हवेचा दाब घेणारी दुसरी नळी उघडली मी. त्यासाठीच असते ना ती. मग चालला. हवा स्वच्छ होती ताई, सगळं खाली दिसत होतं. काही झालं नाही."

"आणि ढग असते तर? दिसत नसतं तर?"

"नव्हते ना पण!"

"मग तिथल्या तिथे वळून उतरली का नाहीस? धावपट्टी मागेच होती!"

भिंगरी बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "उतरले असते तर बाबांना कळलं असतं."

मला वाटलं, मी हिच्या आता एक थोबाडीत देईन. दिली नाही. ती मोठी झाली आहे, हे मला फार उशिरा आठवतं, पण आठवतं.

"हात कापत नव्हता गं त्यांचा," ती म्हणाली. "सगळं नीट केलं. दिवसभर राबले. म्हणाले, ताईला सांगू नकोस, तिला ओळखू येतं का बघू. इतके खूश होते. मी परत जाऊन कसं सांगायचं की बाबा, तुम्ही कान बुजवलात?"

"म्हणून तू मरणार होतीस? बापाला वाईट वाटू नये म्हणून?"

"ओरडू नकोस. मेकॅनिक ऐकतोय."

"ऐकू दे! त्याला मीच सांगणार आहे. तू काय करणार होतीस? गुपचूप कोरून काढणार होतीस ना सकाळी?"

तिच्या तोंडावरून कळलं की हेच करणार होती. मी मेकॅनिकला हाक मारली, सगळं सांगितलं. त्यानं पांढरीच्या आतल्या, चालवायच्या दांडीला लाल पट्टी बांधली, म्हणजे तपासून होईपर्यंत ती जमिनीवर. मग कानातलं ते पॉलिश त्यानं हलक्या हातानं काढून मला फडक्यावर दिलं. तांदळाच्या कणीएवढं होतं. "नळीत पुढे गेलं नसलं म्हणजे मिळवलं," तो म्हणाला, आणि भिंगरीकडे असं बघितलं की तिनं मान खाली घातली. तेवढं मला बरं वाटलं.

घरी गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून आईला सगळं ऐकवलं. भिंगरी दारात. आई भांडी पुसत होती. माझं बोलून झालं तरी तिचा हात थांबला नाही. तिनं विचारलं, "त्यांचा खोकला कसा आहे आता?"

मी आईकडे पाहिलं, मग भिंगरीकडे पाहिलं.

"म्हणजे तुलाही माहीत होतं?"

"तुला सांगितलं असतं तर तू हेच केलं असतंस. उभी राहून ओरडली असतीस."

"मग काय करायला पाहिजे होतं मी? हार घालायला पाहिजे होता? ह्या घरात सगळ्यांना सगळं माहीत, आणि मूर्ख मी एकटी!"

"मी भेटले नाही त्यांना," आई म्हणाली. आता तिनं फडकं खाली ठेवलं. "भिंगरी म्हणत असते, चल म्हणून. मी नाही जात. मी का जाऊ? गेले ते गेले, माणसं जातात. पण एकदा माझ्यासमोर उभं राहून सांगायला हवं होतं. गेटवरच्या माणसानं सांगावं, ही माझी किंमत? त्यांनी यावं आणि तोंडानं सांगावं. तोवर मला काही नको."

आई इतकं बोलते हेच मला माहीत नव्हतं. पुसून झालेली ताटली तिनं पुन्हा पुसायला घेतली.

सकाळी बापाच्या धावपट्टीकडे जायला मी गाडी काढली. भिंगरी शेजारी बसली. मी तिला एवढंच म्हटलं की तिथे तो एकट्या पांढरीला धूत नाही. तिथल्या सगळ्या विमानांना त्याचा हात लागतो. तिनं बाहेर बघत म्हटलं, "माहीत आहे. रात्रभर तेच डोक्यात होतं."

"मग काल का नाही सुचलं?"

"काल मी मुलगी होते."

"आणि आज?"

"आज पायलट आहे. तुला नेहमी तेच ऐकवत असते ना मी?" मग म्हणाली, "तू सांग ताई. माझ्यानं नाही होणार. तुझा तसाही राग आहे, तुला सोपं जाईल."

सोपं! इतकी वर्षं मी पांढरीच्या पोटाखाली पडून त्या माणसाला काय काय सुनावलं होतं. हातात फडकं आणि ओठांवर भाषण. आईच्या वतीनं, भिंगरीच्या वतीनं, माझं राहिलेलं कॉलेज, सगळं क्रमानं लावून ठेवलं होतं. एखादा तरी घाव असा बसेल की तो कळवळेल, असं वाटायचं. आणि आता खरंच हातात घाव होता, तर तो त्या भाषणात कुठेच बसत नव्हता. त्याच्या बायकोचं, मुलींचं काही नाही. त्याच्या कामाचं. त्याचं काम वाईट झालंय, हे मी त्याला सांगणार होते. ह्याच्यापेक्षा जास्त त्याला काही लागणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचाही मला राग येत होता.

तो हँगर आमच्यासारखाच होता. तोच पत्रा, तोच तेलाचा वास, तशीच आडवी तार आणि तिच्यावर घड्या घातलेली फडकी. आत एक पिवळं दोन माणसांचं शिकाऊ विमान उभं होतं आणि त्याच्या शेपटीजवळ आमचा बाप. मान बारीक झाली होती. कॉलर सैल पडली होती. डाव्या खांद्यावर फडकं, तसंच. त्यानं वळून पाहिलं, आधी भिंगरीकडे, मग माझ्याकडे.

मग म्हणाला, "पोट आधी घेतेस ना अजून?"

एवढ्या वर्षांनी! कशी आहेस नाही, आई कशी आहे नाही. पोट आधी घेतेस ना! माझ्या पाठ केलेल्या भाषणातलं पहिलं वाक्यच मला सापडेना.

"पांढरीचा कान बुजला होता," मी म्हटलं.

"शक्य नाही."

"पॉलिशनं गच्च. ही त्यात बसून दोनशे किलोमीटर उडाली."

"शक्य नाही. मी बोट लावून बघितलं होतं."

मी खिशातून फडकं काढलं, उलगडलं आणि ती कणी त्याच्या नाकासमोर धरली. त्यानं ती बराच वेळ न्याहाळली. मग भिंगरीकडे बघितलं. भिंगरी हँगरच्या दारात उभी होती. तिनं हळूच मान हलवली, हो म्हणून.

"मी बोट लावून बघितलं होतं," तो पुन्हा म्हणाला, पण आता हळू.

"ह्या पिवळ्याचं झालं?"

"झालं. आत्ताच टेप काढली."

"कान तपासला?"

"तपासला की."

"पुन्हा तपासा. माझ्यासमोर."

मी त्याचा हात धरला. धरायचा नव्हता, पण धरला, आणि ओढतच पिवळ्याच्या कुशीपाशी नेला. त्यानं शिकवल्याप्रमाणे डोळे मिटले. करंगळीशेजारचं बोट कानावरून फिरवलं. एकदा, मग उलट.

"काय लागतं?"

"भोक."

"मोकळं आहे?"

"मोकळं आहे," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. अगदी खात्रीनं म्हणाला.

मी त्याचा हात बाजूला केला आणि माझं बोट ठेवलं. गुळगुळीत. कान पार बुजलेला होता.

तेव्हा मी त्याचा हात नीट पाहिला. पालथा केला, उताणा केला. त्या बोटाच्या पेरावर भाजल्याचा फोड होता, मोठा, फुटून सुकायला लागलेला.

"हे कधी भाजलं?"

"कुठे?" असं म्हणून तो स्वतःच्या बोटाकडे पाहायला लागला. फोड त्यानं मला दिसल्यानंतर पाहिला. मी तिथेच पडलेल्या काडेपेटीच्या काडीचं टोक त्या बोटावर दाबलं. मग शेजारच्या बोटावर. तो माझ्या हाताकडे बघत होता, काडीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. सगळं आयुष्य थिनरमध्ये आणि रंग उतरवायच्या रसायनात हात बुडवले, हातमोजे घातले तर रंगाचा पोत कळत नाही म्हणून कधी घातले नाहीत. आईनं किती डोकं आपटलं होतं त्या मोज्यांपायी. आता बोटं गेली होती, आणि जाताना तीही काही सांगून गेली नव्हती. शोभतात त्याची.

हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं नाही, कारण तो एकदम म्हातारा दिसायला लागला होता आणि मला त्याचाही राग आला. इतकी वर्षं धिप्पाड राहायचं आणि मी बोलायला आले की म्हातारं व्हायचं, हा कुठला न्याय?

"हे पिवळं कधी जाणार आहे?" भिंगरीनं दारातून विचारलं. तिचा आवाज कामाचा होता.

"दुपारी," तो म्हणाला. "एक नवीन मुलगी शिकतेय. तिला घेऊन."

"ह्याला आत दुसरी नळी आहे?"

"नाही. जुनं आहे हे."

हँगरमध्ये मागे अजून विमानं उभी होती, सगळी चकाचक. त्यातली कुठली त्यानं धुतली होती ते विचारायची गरज नव्हती, रिव्हेट सांगत होते.

मग त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं. झटकलं, दोन्ही टोकं जुळवली, घडी घातली, आणि जाऊन तारेवर टाकलं. त्या दुपारीही त्यानं नेमकं असंच केलं होतं. घडी घातली होती, तारेवर टाकली होती, आणि गेला होता. तो बाजूच्या दाराकडे चालू लागला तशी मी ओरडले. मेकॅनिक नव्हता, कोणाची लाज धरायची नव्हती, मी पोटापासून ओरडले.

"कुठे निघालात? पुन्हा पळायचं? आता आम्ही निस्तरायचं का हेही?"

तो थांबला. "ऑफिसात," म्हणाला. "सांगायला नको?"

"मी येते बरोबर."

"कशाला?"

"माझा तुमच्यावर विश्वास नाही म्हणून!"

"ये," तो म्हणाला.

ऑफिसात टेबलामागे धावपट्टीची व्यवस्थापक बाई बसली होती, चष्मा केसांत खोचलेला, कानाला फोन. तिनं ह्याला बघून हसून हातानंच खुर्ची दाखवली. तिला तो आवडत असावा. सगळ्यांनाच आवडायचा तो, हीच तर पंचाईत होती. तो बसला नाही. तिनं फोन ठेवेपर्यंत उभा राहिला. मी दाराला टेकून त्याच्या पाठीवर नजर ठेवून होते. मला खात्री होती की आता हा काहीतरी गोलगोल बोलेल. तब्येत बरी नाही म्हणेल, सुट्टी मागेल, तारेवर फडकं टाकून आलाच आहे.

"पिवळं दुपारी सोडू नका," तो म्हणाला. "त्याचं हवेच्या दाबाचं भोक मी पॉलिशनं बुजवलं आहे. मला कळलं नाही. माझी बोटं बधिर झाली आहेत, किती दिवस ते मला माहीत नाही. म्हणून मी धुतलेलं एकही विमान तपासल्याशिवाय उडवू नका. चूक माझी आहे. यापुढे मी हे काम करणार नाही."

बाईनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "अहो, बसा तरी," म्हणाली. तो बसला नाही. तिनं लगेच फोन उचलला आणि कोणाला तरी पिवळं थांबवायला सांगितलं, मग बाकीच्यांचं विचारायला लागली. त्यानं एकेक विमान सांगितलं, कुठलं कधी धुतलं, कुठल्यावर टेपचा डाग घासला. न अडखळता, काही न लपवता, सरळ.

आणि मी दाराला टेकून रडत होते. त्याच्या बोटांसाठी नाही. अजिबात नाही. संतापानं रडत होते. म्हणजे बोलता येत होतं! सगळा वेळ बोलता येत होतं ह्या माणसाला. उभं राहायचं, समोर बघायचं, काय झालं ते सांगायचं, चूक माझी म्हणायचं, एवढंच. आमच्या स्वयंपाकघरात एवढंच करायचं होतं. टेबलामागच्या ह्या बाईला मिळालं ते माझ्या आईला इतकी वर्षं मिळालं नाही.

तो बाहेर आला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. भिंगरी गाडीपाशी जाऊन उभी राहिली होती. तिनं मागचं दार उघडून ठेवलं होतं, मी न सांगताच.

"आता?" त्यानं मला विचारलं.

"आता गाडीत बसा."

"कुठे?"

"घरी. आत्ता जसं बोललात तसंच आईसमोर बोलायचं. उभं राहून. खुर्ची दिली तरी बसायचं नाही."

तो त्या उघड्या दाराकडे पाहत राहिला. "ती ऐकेल?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "ऐकेल नाहीतर हाकलून देईल. पण तुम्ही बोलल्याशिवाय मी तिथून हलणार नाही."

तो बसला. दार त्याच्याच्यानं नीट लागेना, बोटांना कडी सापडत नव्हती. मी बाहेरून ते ढकलून बंद केलं, जरा जास्तच जोरात.